परत आलेल्यांचें वाङ्मय

अनुभवावांचून लिहूं नये, हा दंडक आपल्याकडील टीकेंत इतका रूढ झाला आहे कीं त्याला पुरावा मागण्याची आवश्यकता कोणासच वाटत नाहीं. लेखकानें जें स्वतः भोगलें तें खरें आणि बाकीचें सारें कारागिरीचें, अशी वाटणी करून आपण मोकळे होतों. आम्हींही ही वाटणी वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली, आणि ती शिकवितांना आम्हांला कधीं संकोच वाटला नाहीं. तो प्रथम वाटला गेल्या पावसाळ्यांत. आणि त्याला कारण झाले विम्याच्या कचेरींत सारी नोकरी घालविलेले एक वृद्ध गृहस्थ. साहित्यशास्त्रावरील एकही ग्रंथ आपण वाचलेला नाहीं असें ते स्वतःच सांगतात.

चारकोपांत, खाडीच्या अंगाला, आमचें एक लहानसें वाचनमंडळ आहे. सभासद बहुतेक निवृत्त. दर पंधरवड्यास कोणाच्या तरी घरीं जमावें, चहा घ्यावा आणि एखाद्या पुस्तकाची चिरफाड करावी, एवढाच त्याचा व्याप. गेल्या पावसाळ्यांत दुसऱ्या महायुद्धांतील बाँबफेक्या विमानांविषयींचें इंग्रजी वाङ्मय आम्हीं ओळीनें वाचावयास घेतलें: जोसेफ हेलरची ‘कॅच-२२’ ही कादंबरी (१९६१), लेन डेटनची ‘बॉम्बर’ (१९७०), रँडल जॅरेलच्या युद्धकविता, आणि मार्टिन मिडलब्रुकनें लिहिलेला न्यूरेंबर्गवरील हल्ल्याचा इतिहास (१९७३). निवड आमची होती, आणि ती करतांना मनांत तोच जुना दंडक होता. हेलर स्वतः अमेरिकन विमानदलांत बाँब टाकण्याच्या कामावर होता, साठ फेऱ्या करून सुखरूप परत आला होता. अनुभवाचें वाङ्मय कसें असतें याचा नमुनाच मंडळापुढें ठेवावा, असा आमचा बेत.

प्रस्तावना म्हणून आम्हीं कांहीं आंकडे सांगितले. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड नांवाच्या विभागांत युद्धकाळांत सुमारें सव्वा लक्ष माणसें विमानांतून लढण्यास गेलीं. त्यांपैकीं ५५,५७३ मेलीं. म्हणजे शंभरांत चव्वेचाळीस. सारे आपखुषीनें आलेले, आणि बहुतेकांनीं वयाची पंचविशीही गांठलेली नव्हती. एका माणसाची पहिली पाळी तीस फेऱ्यांची असे. ती पुरी झाली कीं विसांवा, आणि मग दुसरी पाळी. एका रात्रीं किती विमानें पडतील याचा नेम नसे. ३० मार्च १९४४ च्या रात्रीं न्यूरेंबर्गवर ७९५ विमानें धाडलीं, त्यांतलीं ९५ परत आलीं नाहींत. पण अशी रात्र विरळा. एरवीं शंभरांत चार गेलीं तर तो व्यवहार चालण्यासारखा मानीत.

येथें आमचे विमेवाले गृहस्थ वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनें कांहीं मांडूं लागले. थोड्या वेळानें मान वर करून म्हणाले, “प्राध्यापकसाहेब, शेंकडा चार हा दर आम्ही सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लावूं, आणि तोही वर्षाकाठीं. तुमचा हा दर एका रात्रीचा आहे. तीस रात्रींनंतर शंभरांतले एकोणतीस उरतात.” मग समोरचें ‘कॅच-२२’ उचलून त्यांनीं विचारलें, “हें पुस्तक लिहिणारा उरलेल्यांतला. बाकीच्या एकाहत्तरांचें पुस्तक कोठें आहे?”

त्यांच्या हिशेबांत एक लहानशी चूक होती, ती आम्हीं लगेच दाखविली. पडलेल्या विमानांतील सारेच मरत नसत; कांहीं हवाई छत्रीनें उतरून कैदी होत, थोडे निसटूनही येत. शिवाय हेलरची आघाडी इटलीची, दर तेथला नव्हे. गृहस्थांनीं मान डोलावली. प्रश्न मात्र जागचा हलला नाहीं. चूक दाखविल्याचें आमचें समाधानही त्या रात्रीं घरीं येईपर्यंतच टिकलें.

कारण हा प्रश्न युद्धाच्या वेळींच एका गणित्यानें, अगदीं निराळ्या कामासाठीं, सोडविलेला होता. अब्राहम वॉल्ड हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांत जन्मलेला यहुदी पंडित. नाझींच्या भयानें अमेरिकेंत गेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत लष्करासाठीं काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटांत सामील झाला. परत आलेल्या विमानांच्या अंगावर गोळ्यांचीं भोंकें कोठें कोठें पडलीं आहेत याच्या नोंदी होत्या. त्यांवरून विमानाचा कोणता भाग अधिक नाजूक आहे तें काढावयाचें होतें. सामान्य बुद्धि म्हणेल, जेथें भोंकें अधिक तेथें पत्रा जाड करा. वॉल्डनें १९४३ सालीं लिहिलेल्या टिपणांतील विचार उलट दिशेनें जातो. या नोंदी केवळ परत आलेल्यांच्या आहेत. गोळ्या सगळीकडेच लागणार. तेव्हां परत आलेल्या विमानाच्या ज्या भागावर भोंकें कमी दिसतात त्या भागावर ज्यांना गोळी लागली तीं विमानें परतलींच नाहींत. इंजिनावर भोंकें थोडीं दिसतात, कारण इंजिनाला भोंक पडलेलें विमान समुद्राच्या तळाशीं आहे. ही हकीगत पुढें एखाद्या चतुर उत्तराच्या गोष्टीसारखी सांगितली जाऊं लागली. मुळांतलें काम रूक्ष समीकरणांचें आहे. वॉल्डचा शेवट आपल्याच देशांत झाला, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. व्याख्यानांसाठीं तो हिंदुस्थानांत आला असतां १३ डिसेंबर १९५० रोजीं त्याचें विमान निलगिरीच्या डोंगरांत कोसळलें आणि पत्नीसह तो मरण पावला.

वॉल्डचा हा विचार वाङ्मयाला लावून पाहिला, तर आमचा दंडक डळमळूं लागतो. बाँबफेक्या विमानांविषयींच्या आठवणींचीं, आत्मचरित्रांचीं, कादंबऱ्यांचीं कपाटेंच्या कपाटें इंग्रजींत भरलेलीं आहेत; आणि अनुभवानें लिहिलेलें त्यांतलें प्रत्येक पुस्तक हें परत आलेलें विमान आहे. त्यावरचीं भोंकें खरीं आहेत, लेखकानें तीं प्रामाणिकपणें दाखविलीं आहेत. परंतु ज्या जखमेनें माणूस मरतो ती त्यांत कशी असेल? अशा पुस्तकांत शेवटीं धावपट्टीचे दिवे दिसतातच. मृत्यु नेहमीं शेजारच्या विमानाला येतो. धैर्य, विनोद, दैवाची मर्जी, मित्राची रिकामी खाट, हे त्यांतले ठरलेले विषय. आणि हे सारे परत आलेल्याच्या मनाचे विषय आहेत.

आतां हेलर पाहा. त्याच्या कादंबरींतील विनोदाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. फेऱ्यांची ठरलेली संख्या वरिष्ठ अधिकारी पुनःपुन्हां वाढवीत जातो, ही त्यांतली मुख्य कल्पना. ती खरोखर भेदक आहे, जरी तिची पुनरुक्ति पुढें पुढें कंटाळा आणते. आम्हांला विचार करावयास लावलें तें एका निराळ्या प्रसंगानें. नायक योसारियन विमानाच्या मागल्या भागांत जखमी होऊन पडलेल्या स्नोडन नांवाच्या पोराची शुश्रूषा करतो. मांडीला मोठी जखम आहे. ती तो धुतो, नीट बांधतो, आतां हा वांचेल असें म्हणतो. पोरगा थंडी वाजते म्हणून कुरकुरत राहतो. शेवटीं योसारियन त्याचें किरचांपासून बचाव करणारें जाड जाकीट उघडतो, आणि खरी जखम आंत आहे हें त्याला दिसतें. दिसणारी जखम बांधली गेली. मारणारी झांकलेली राहिली. हेलरच्या प्रत्यक्ष आयुष्यांत फ्रान्समधील आव्हीन्योंवरच्या एका फेरींत असा प्रसंग घडला होता. पण तेथें जखम मांडीलाच होती, आणि तो मनुष्य वांचला. म्हणजे अनुभवानें लेखकाला मांडीची जखम दिली. जाकिटाच्या आंतली जखम त्याला कल्पनेनें शोधावी लागली, आणि कादंबरींतलें अविस्मरणीय तें तेवढेंच आहे. साठ फेऱ्यांचा अनुभव ज्याच्या गांठीं त्यालाही जेथें कल्पनेवर विसंबावें लागलें, तेथें नुसत्या अनुभवाची मातब्बरी किती उरते?

जॅरेलचें उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. हा कवि युद्धांत एकाही फेरीवर गेला नाहीं. वैमानिक होण्याचा त्याचा प्रयत्न फसला, आणि अॅरिझोनांतल्या एका तळावर, ताऱ्यांवरून दिशा कशी ओळखावी हें तो पोरांना शिकवीत राहिला. तीं पोरें शिकून गेलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ परत आलीं नाहींत. विमानाच्या पोटाशीं काचेच्या गोलकांत बंदूक घेऊन मुटकुळें करून बसलेल्या सैनिकावर त्यानें १९४५ सालीं एक कविता लिहिली. ती अवघ्या पांच ओळींची आहे. तींत बोलणारा मेलेला आहे. ‘लॉसेस’, म्हणजे ‘तोटा’, या कवितेंतही मेलेलेच बोलतात, आणि ‘आम्ही’ म्हणून बोलतात. त्यांची तक्रार मोठी नाहीं. आपण मेलों तें ज्याला मरण म्हणतात तसें कांहीं नव्हतेंच, अशा एका चकित, बालिश स्वरांत तीं पोरें बोलतात. एकाहत्तरांचें पुस्तक कोठें आहे या प्रश्नाचें आम्हांला सांपडलेलें सर्वांत जवळचें उत्तर हें. आणि तें जमिनीवर राहिलेल्या एका मास्तरानें लिहिलें आहे.

डेटनविषयीं थोडक्यांत. युद्ध संपलें तेव्हां तो शाळकरी पोर होता. त्याच्या कादंबरींत एकाच हल्ल्याची एकच अहोरात्र आहे. तिला त्यानें ३१ जून १९४३ अशी तारीख दिली आहे, जी कोणत्याच पंचांगांत नाहीं. इंग्रज विमानांतले लोक, त्यांना पाडावयास निघालेले जर्मन वैमानिक, किनाऱ्यावर यंत्रापुढें बसलेला अधिकारी, आणि जें गांव चुकीनें जळणार त्या गांवांतले न्हावी, परिचारिका, नगराध्यक्ष, या सर्वांना तो सारखीच जागा देतो. यंत्रांचीं वर्णनें लांबतात, पात्रें कोठें कोठें सांच्यांतलीं वाटतात, आणि प्रेमप्रकरणें तर पानें भरण्यापुरतीं आहेत. तरीही मंडळांतल्या बहुतेकांना तीच सर्वांत अधिक जिवाला लागली. मिडलब्रुक हा व्यवसायानें कोंबड्या पाळणारा शेतकरी. त्यानें दोन्ही बाजूंच्या शेंकडों माणसांना पत्रें लिहून एका रात्रीचा वृत्तांत जुळविला. तोही तेथें नव्हता.

येथें आमच्यांतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीं मधेंच विचारलें, “आणि खालच्यांचें काय हो? वरच्या सातांना तुम्ही इतका वेळ मोजतां आहां.” हा प्रश्न त्यांनीं विचारला नसता तर आमचें सारें विवेचन एकांगी झालें असतें. १९४३ च्या जुलईंत हॅम्बुर्गवर ओळीनें झालेल्या हल्ल्यांत सदतीस हजारांच्या आसपास माणसें मेलीं. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेनमध्यें सुमारें पंचवीस हजार. वरच्यांनीं तीं पाहिलीं नाहींत. त्यांना दिसे तो वीस हजार फुटांखालचा प्रकाश. याच बोचणीमुळें असेल, लंडनच्या ग्रीन पार्कमधील बॉम्बर कमांडचें स्मारक उभें राहावयास २०१२ साल उजाडावें लागलें. जो लेखक विमानांतल्या पोरांची कींव करतां करतां खालचीं घरें विसरतो, आणि जो खालच्या प्रेतांकडे पाहून वरच्यांना केवळ खाटीक ठरवितो, ते दोघेही आम्हांला सारखेच अपुरे वाटतात. कुर्ट व्हॉनेगट ड्रेस्डेनमध्यें युद्धकैदी म्हणून जमिनीखालीं होता. तो खालून परत आलेला. त्याच्या कादंबरींतला नायक हल्ल्याचा चित्रपट उलटा चाललेला पाहतो: आगी विझतात, बाँब वर उडून विमानांच्या पोटांत शिरतात, जखमी पोरें बरीं होऊन तळावर उतरतात. एकाच कल्पनेंत दोन्ही पक्षांची सुटका झालेली आहे. आणि ती सुटका अशक्य आहे हेंही त्यांतच आलें.

आतां या सर्वांत आपलें कोणी होतें काय? होतें. शैलेन्द्र एकनाथ सुखटणकर हा तरुण बॉम्बर कमांडच्या ८३ व्या स्क्वाड्रनमध्यें नॅव्हिगेटर होता. त्यानें पंचेचाळीस फेऱ्या केल्या. त्यांतल्या चौदा ‘आर ५८६८’ या क्रमांकाच्या लँकॅस्टर विमानांतून. हें विमान आज लंडनजवळ हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत उभें आहे. त्याच्या नाकाजवळ प्रत्येक फेरीमागें एक याप्रमाणें बाँबचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. फेऱ्यांची संख्या १३७ सांगतात. लँकॅस्टर विमानें एकंदर ७,३७७ बांधलीं गेलीं, आणि त्यांतलीं तीन हजारांहून अधिक मोहिमांवर नाश पावलीं. शंभर फेऱ्यांचा पल्ला गांठणारीं पस्तिसांच्या आसपास. म्हणजे संग्रहालयांत लोक जें पाहतात तेंही परत आलेलेंच विमान. न आलेलें पाहण्याची सोय संग्रहालयांत कशी असणार? रनीमीड येथें भिंतींवर कोरलेलीं वीस हजारांहून अधिक नांवें मात्र आहेत. ज्या वैमानिकांची कबर कोठेंच नाहीं त्यांचीं.

लँकॅस्टरमध्यें सातजण असत. पुढें वैमानिक आणि यंत्राकडे पाहणारा. नाकांत बाँब सोडणारा. वर आणि शेंपटाशीं एकएक बंदूकवाला. मध्यें बिनतारी संदेशवाला. आणि पडद्याआड, लहानशा दिव्याखालीं, टेबलावर नकाशा पसरून बसलेला नॅव्हिगेटर. त्याचें काम हिशेबाचें. वेग, वेळ, वारा आणि दिशा यांवरून आपण या क्षणीं कोठें असूं तें काढावयाचें, आणि थोड्या थोड्या वेळानें ती खूण नकाशावर पुढें सरकवावयाची. बाहेर आग लागली असतां तो कागदाकडे पाहत असतो. त्यांतून ८३ वें स्क्वाड्रन १९४२ च्या ऑगस्टपासून मार्गदर्शक दलांत गेलें. म्हणजे इतरांच्या पुढें जाऊन लक्ष्यावर दिव्यांच्या खुणा टाकणाऱ्यांत. त्या दलाची पाळी पंचेचाळीस फेऱ्यांची. पुराणांतला वीर शोधणाऱ्यानें या माणसाकडे पाहूं नये. त्याच्या हातांत शस्त्र नाहीं, पेन्सिल आहे.

आणि तो ऑगस्ट कोणता? ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. एकीकडे सावरकर हिंदु तरुणांस सैन्यांत शिरण्याचा उपदेश करीत होते. दुसरीकडे साताऱ्याकडे इंग्रजांचें राज्य उलथून प्रतिसरकार उभें राहावयाचें होतें. अशा वेळीं इंग्रजांच्या विमानांत बसून जर्मनीवर जाणाऱ्या तरुणाला आपल्या वाङ्मयांत जागा कोण देणार? तो देशभक्त नव्हे म्हणावें, तर नाझींशीं लढत होता. वीर म्हणावें, तर शत्रूच्या गणवेषांत होता. मराठींत त्या काळच्या यूरोपच्या सर्वांत जवळ गेलेली कादंबरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). ती बोटीवर घडते, आणि युद्धाला तोंड लागण्यापूर्वीं संपते. पुढें आपण थांबलों. आम्हांला अनुभव नव्हता, हें त्याचें नेहमींचें समर्थन. जॅरेल आणि डेटन वाचल्यावर तें आम्हांला पटेनासें झालें आहे.

अनुभवाशिवाय सत्याजवळ कसें जावें याचा धडा तर आपल्याच घरीं होता. आणि योगायोग असा कीं तोही एका सुखटणकरांनींच घालून दिलेला. त्याच वर्षांत पुण्यास भांडारकर संशोधन मंदिरांत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करीत होते. केंब्रिजला ते गणित शिकले, बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखालीं भाषाशास्त्र शिकले. दोघांचें नातें जोडावयाचें आम्हांला कारण नाहीं. आडनांव एक, एवढेंच. पण कामाची जात पाहा. हातांत आलेल्या शेंकडों पोथ्या म्हणजे काळाच्या तडाख्यांतून परत आलेल्या पोथ्या. मूळ पोथी कधींच नष्ट झालेली. उरलेल्यांचीं साम्यें, भेद, गळालेले आणि वाढविलेले श्लोक तपासून, न उरलेलीचें रूप अनुमानानें ठरवावयाचें. ज्या पोथींत सर्वांत अधिक मजकूर ती सर्वांत खरी, ही भाबडी समजूत त्यांनीं मोडून काढली. वॉल्डनें विमानांविषयीं जें केलें तेंच हें. मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानें द्यावयाचीं होतीं. तीन झालीं, आणि चौथ्यापूर्वीं २१ जानेवारी १९४३ रोजीं ते गेले. टीकाकारानें युद्धवाङ्मय याच रीतीनें वाचावें असें आम्हांला वाटतें: जें लिहिलें गेलें त्याच्या आधारें जें लिहितां आलें नाहीं त्याची जागा शोधीत.

महाभारतांत तर रात्रीचा हल्लाही आहे. सौप्तिकपर्वांत, सारें हरल्यावर, वडाखालीं बसलेला अश्वत्थामा घुबडाला झोंपलेल्या कावळ्यांची कत्तल करतांना पाहतो आणि त्यावरून धडा घेतो. कृपाचार्य त्याला परोपरीनें अडवितात, आणि मग त्याच्याबरोबर जातात. शिबिरांत निजलेली माणसें मारलीं जातात. जीं बाहेर पळतात त्यांना कृप आणि कृतवर्मा दाराशीं कापतात, आणि शिबिराला आग लावतात. हें सारें कोण सांगतें? पांडवांपर्यंत बातमी नेतो तो धृष्टद्युम्नाचा सारथि, त्या कत्तलींतून निसटलेला. त्याला सांगतां येतें तें थोडकें. सविस्तर सांगतो तो संजय. तो हल्ला करणाऱ्यांत नाहीं, मरणाऱ्यांत नाहीं. आणि दुर्योधनाचा प्राण जातांच त्याची दिव्य दृष्टि नाहींशी होते. अनुभव आहे तो अश्वत्थाम्याजवळ. तो परत आलेला आहे, इतका कीं अजूनही मरत नाहीं. नर्मदाकांठीं कपाळाच्या जखमेसाठीं तेल मागत फिरतो म्हणतात. पण व्यासांनीं कथा त्याच्या तोंडीं घातली नाहीं.

जातां जातां एका शब्दाविषयीं. इंग्रज हवाई दलांत विमान आलें नाहीं कीं फलकावर ‘परतलें नाहीं’ एवढीच नोंद होई. आपल्या वर्तमानपत्रांना असा संयम साधत नाहीं. देह हातीं लागण्यापूर्वींच ‘वीरगति’ आणि ‘हौतात्म्य’ हे शब्द तयार असतात. ५ डिसेंबर १९७१ रोजीं पाकिस्तानांतील शोरकोट विमानतळावर हल्ल्यास गेलेले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे परत आले नाहींत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, यांनीं पुढचीं कित्येक दशकें त्यांचा शोध चालविला. त्या युद्धांतील अशा बेपत्ता सैनिकांची यादी चोपन्न नांवांची म्हणून सांगितली जाते. त्या घरांत ‘वीरगति’ हा शब्द सांत्वनाचा नव्हे, दार लावून घेणारा. ‘बेपत्ता’ हा फारशी वळणाचा, कचेरींतला, रुक्ष शब्दच त्यांतल्या त्यांत खरा. ज्याला पत्ता नाहीं त्याला पत्ता नाहीं इतकेंच तो म्हणतो. अलंकार नसलेल्या, मोजून मापून घडलेल्या सामुदायिक मरणाला मराठींत भाषाच नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. मर्ढेकरांनीं ‘कांहीं कविता’ (१९४७) या संग्रहांत पिंपांत मेलेल्या उंदरांवर लिहून ती दाखवून दिली होती. ती घेऊन विमानांत कोणी चढलें नाहीं, एवढेंच.

शेवटच्या बैठकींत आम्हीं शैलेन्द्र सुखटणकरांची माहिती मंडळाला सांगितली, तेव्हां विमेवाल्या गृहस्थांनीं पुन्हां पेन्सिल काढली. शेंकडा चार हाच दर धरून पंचेचाळीस फेऱ्यांनंतर शंभरांत सोळा उरतात, असें त्यांनीं सांगितलें, आणि कागद ‘बॉम्बर’च्या पानांत खूण म्हणून ठेवून दिला. त्या रात्रीं आकाश थोडें उघडलें होतें. गच्चीवरून खाडीपलीकडे सांताक्रूझला उतरावयास निघालेल्या विमानांचे दिवे दिसत होते. पुढच्या पंधरवड्यास सौप्तिकपर्व वाचावयाचें ठरलें आहे. जिना उतरतांना गृहस्थ विचारीत होते, त्या रात्रीं शिबिरांत एकूण माणसें किती निजलेलीं होतीं, याचा आंकडा व्यासांनीं कोठें दिला आहे काय?